मान हलवणं म्हणजे हो नव्हे

डॉक्टर अक्कांच्या दवाखान्यातल्या फळीवर काचेची एक लहान बाटली असायची आणि तिच्यात एक दाढ. दाढ चांगली होती. कीड नव्हती, भेग नव्हती, मुळं शाबूत. खुर्चीत बसलेल्या नव्या पेशंटची नजर कधीतरी तिकडे जायची आणि तो विचारायचा, ही कुणाची म्हणून. अक्का म्हणायच्या, "एका माणसाची. माझ्याकडे राहून गेली."

ती गोष्ट त्यांनी मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगितली. दवाखाना नुकताच उघडला होता, एक्स-रेचं यंत्रही आलं नव्हतं, तेव्हाची. प्लायवूडच्या कारखान्यातला एक ओडिया मजूर गाल धरून आला. त्याला कन्नड येत नव्हतं आणि अक्कांची हिंदी तेव्हा जेमतेम. त्यांनी एका दाढेवर टिचकी मारून विचारलं, ही का? त्यानं मान हलवली. शेजारच्या दाढेवर मारली, त्यानं तशीच मान हलवली. एवढ्या शिकलेल्या बाई विचारतायत तर नाही म्हणायचं नाही, इतकंच त्याला कळत होतं. अक्कांनी दाढ काढली. दुसऱ्या दिवशी तो परत आला, गाल तसाच सुजलेला, आणि दारात हात जोडून उभा राहिला. जणू चूक त्याची होती.

"भांडला असता तर मी विसरले असते," अक्का म्हणाल्या. "तो भांडला नाही की."

तेव्हापासून तिथं एक नियम झाला. पेशंट खुर्चीत बसला की आधी त्याच्या हातात आरसा. त्यानं स्वतः तोंडात बघायचं, स्वतःच्या बोटानं दात दाखवायचा आणि काय करायचं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. कुणी नुसती मान डोलावली की अक्का हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवून देत. "मान हलवणं म्हणजे हो नव्हे. बोला." हे वाक्य त्या कन्नड, तमिळ, हिंदी, उर्दू आणि मराठीत म्हणत. बंगळुरात लोकांची मान आडवी हलते आणि तिचा अर्थ हो, नाही, बघू, काहीही असू शकतो. अक्का म्हणत, इथल्या माणसाची मान बघून दात काढणारा एक दिवस जबडा काढून ठेवेल.

दवाखाना यशवंतपूरला होता, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत, बारदानाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. जिन्यात कायम ताग आणि कांद्याचा वास. पाटीवर लिहिलेलं होतं: डॉ. सुलोचना बाई एम. मी परतूरहून बंगळुरात येऊन तेव्हा चार महिने झाले होते. राहायला मारतहळ्ळीच्या एका पीजीत, नोकरी बेळ्ळंदूरला, विम्याच्या पॉलिसी विकणाऱ्या एका एजन्सीत. नव्या पोरांना लांबचे भाग देतात म्हणून मला यशवंतपूर मिळालं होतं. त्या दिवशी दात ठणकत होता आणि पाटीवरचं 'बाई' वाचून, नाव आपल्याकडचं वाटलं म्हणून मी वर गेलो. 'एम' म्हणजे मोहिते हे नंतर कळलं. त्यांचं घराणं इथं कधी आलं ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. कुठल्याशा फौजेबरोबर आलो आणि फौज गेली तरी आम्ही राहिलो, असं त्यांचे आजोबा सांगायचे.

मी जमवून जमवून हिंदीत बोलत होतो. अक्कांनी दाताला हात लावला आणि त्या एकदम मराठीत म्हणाल्या, "कुठल्या गावचा रे तू?"

मी विचारलं, कसं ओळखलं. त्या म्हणाल्या, "आई गं म्हणालास की. इथले लोक अम्मा म्हणतात."

माझ्या मराठीचं त्यांना फार कौतुक होतं आणि फार हसू येई. "तुझं मराठी पुस्तकातलं. आमचं डब्यातलं आहे, घरून आणलेलं, सांबारात भिजलेलं." त्यांच्या बोलण्यात 'स्वल्प' आणि 'सरी' सारखं यायचं. स्वल्प तोंड उघड, स्वल्प थांब, आणि काम झालं की सरी, म्हणजे ठीक. सगळा बाजार त्यांना अक्का म्हणायचा. मीही म्हणू लागलो. मला त्या दत्तण्णा म्हणत. दत्ता म्हणाल्या की समजायचं, काहीतरी चुकलंय.

माझा पुढचा दात बाहेर आलेला होता. त्याच्या लाजेनं मी हसताना ओठ मिटून घ्यायचो आणि इंग्रजी बोलताना हात तोंडावर न्यायचो. अक्कांनी वर्षभर तारा लावून तो सरळ केला. त्या काळात दर पंधरा दिवसांनी खुर्चीत बसवून त्या मला इंग्रजीतून पॉलिसी समजावून सांगायला लावत, तोंडात दोन्ही बाजूंना कापूस असताना. मंजुळा, त्यांची वीस वर्षांपासूनची मदतनीस, भिंतीला टेकून हसायची. अक्का गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "कापूस असताना जे समजतं तेवढंच खरं बोलणं. बाकीचं तू उगाच घालतोस." आज मी चार माणसांत उभं राहून बोलतो ते तिथं शिकलेलं आहे. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मला घडवणारी माणसं मोजायला बसलो तर एका हाताची बोटं पुरतील, आणि त्यांतलं एक बोट अक्कांचं.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढचं सांगताना ते सोपं जाणार नाही.

दवाखान्यातल्या संगणकात अक्कांचं एक वेगळं फोल्डर होतं. बाजारात पोती वाहणारे हमाल दिवसभर गालात तंबाखू धरून असतात. त्यांच्यापैकी काहींच्या तोंडात पांढरे चट्टे उठलेले असत. दुखत नाहीत, म्हणून ते कुणाला दाखवत नाहीत. त्यांतला एखादा चट्टा पुढं वाईट वळण घेतो आणि कुठला घेईल ते आधी सांगता येत नाही. एकच उपाय, दर तीन महिन्यांनी फोटो काढायचा आणि मागच्या फोटोशेजारी ठेवून बघायचं, वाढलाय का, कड बदललीय का. अक्का हे काम अकरा वर्षं करत होत्या. चाळीसेक माणसं होती. त्यांना बोलावून आणणं हे मंजुळाचं काम. ती बाजारात जाऊन एकेकाला दटावून आणायची, कारण फुकट तपासणीला कोण येतो. फोटो काढून झाला की अक्का जुना फोटो शेजारी लावून त्या माणसालाच विचारत, बघ, आहे तेवढाच आहे ना? तोही डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, तेवढाच आहे अक्का. मग दोघांनाही बरं वाटायचं. कार्डांचे गठ्ठे वाळवीनं खाल्ल्यावर अक्कांनी सगळं संगणकावर घेतलं होतं, आणि या चाळीस तोंडांवर त्यांचा जीव होता.

एका ओळखीच्या दंतवैद्याच्या दवाखान्यातला संगणक बाहेरच्या कुणी कुलूप घातल्यासारखा बंद करून टाकला आणि उघडायचे पैसे मागितले, ही बातमी आली तेव्हा अक्कांनी मला बोलावून घेतलं. लहान दवाखान्यांसाठी सायबर विमा तेव्हा आम्ही नव्यानंच विकू लागलो होतो. मी माहितीपत्रक काढलं. किती भरपाई, कुठला खर्च, सगळं सांगू लागलो.

अक्कांनी मला मधेच थांबवलं. "ते राहू दे. कुलूप पडलं तर माझे फोटो परत मिळतात का, तेवढं सांग."

मी म्हणालो, विमा असला की कंपनी स्वतः तज्ज्ञ पाठवते, दोन दिवसांत, ते बाहेर काढतात. हे खरंच होतं. पॉलिसीत तसं लिहिलेलं होतं.

"मग घे लिहून," त्या म्हणाल्या.

आता फॉर्मबद्दल. परतूरला आमच्या गल्लीत कुणाला अर्ज भरायचा असला की लोक माझ्याकडे यायचे. रेशनकार्डाचा, निराधार पेन्शनचा, शाळेचा. मी प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचायचो, अर्थ सांगायचो आणि समोरचा बोलल्याशिवाय पेन टेकवायचो नाही. त्यामुळं मिशी फुटण्याआधीच मला गल्लीत मास्तर म्हणायचे. एजन्सीत पहिल्या आठवड्यात मी एका दुकानदाराला तसाच फॉर्म वाचून दाखवत बसलो, तर आमचे समीर सर बाहेर येऊन म्हणाले, "दत्ता, तू तलाठी ऑफिसमध्ये बसलायस का? क्लायंटला टाइम नसतो. क्वेश्चन शॉर्ट कर. आणि येस येईल असाच विचार." सर पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणायचा. मी प्रश्न शॉर्ट करायला शिकलो. त्यात तरबेज झालो.

अक्कांचा फॉर्म भरला त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. मी स्टुलावर बसून विचारत होतो आणि त्या काम करता करता उत्तरं देत होत्या. तोंडाला मास्क, दोन्ही हात एका ट्रकवाल्याच्या तोंडात, ड्रिल सुरू. अकरावा प्रश्न दोन ओळींचा होता. पेशंटांच्या नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, मुख्य संगणकाला न जोडलेली, ठेवली जाते का, आणि ती उघडते की नाही हे वेळोवेळी तपासलं जातं का. मी विचारलं, "बॅकअप आहे ना, अक्का?"

अक्कांनी मान हलवली आणि कोपरानं दारावरच्या माळ्याकडे खूण केली. माळ्यावर इन्व्हर्टरच्या दोन नव्या कोऱ्या बॅटऱ्या होत्या. त्या भागात वीज जायची, आणि दातात ड्रिल असताना वीज गेली तर, ही अक्कांची कायमची धास्ती. त्याच आठवड्यात त्यांनी बॅटऱ्या बदलल्या होत्या. बंगळुरात बॅकअप म्हणजे हेच. भाड्याच्या घराच्या जाहिरातीत, लिफ्टच्या दारावर, माझ्या पीजीच्या पाटीवरही 'चोवीस तास बॅकअप' असंच लिहिलेलं. संगणकातल्या नोंदींच्या दुसऱ्या प्रतीला अक्का 'कॉपी' म्हणत. कॉपी आहे का, असं विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं.

मी वर बघितलं. बॅटऱ्या मला दिसल्या. हे काहीतरी वेगळं आहे, एवढं डोक्यात आलं. ड्रिल थांबला की विचारू, असं ठरवून मी 'होय'वर खूण केली. ड्रिल थांबला तेव्हा मंजुळानं चहा आणला.

सही करताना अक्कांनी विचारलं, "नीट वाचलंस ना सगळं?" मी हो म्हणालो. "तू वाचलंस म्हणजे सरी," असं म्हणून त्यांनी न बघता सही केली. कुठल्याही पेशंटला त्यांनी असं करू दिलं नसतं.

दीड वर्षानं एका सोमवारी सकाळी मंजुळानं संगणक लावला आणि पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर आला. दातांचं सामान पुरवणाऱ्याच्या नावानं आलेलं खोटं बिल तिनं शनिवारी उघडलं होतं. फोल्डरं जागच्या जागी होती पण आतलं काही उघडत नव्हतं. अक्कांनी मला फोन केला. आवाजात घाबरल्याची काही खूण नव्हती. "दत्तण्णा, तुझे तज्ज्ञ बोलाव."

तज्ज्ञ आले, दुसऱ्याच दिवशी. अबोल, नीटनेटके दोघेजण. त्यांनी सांगितलं की सगळं नाही, पण फोटोंपैकी बरेच निघतील, वेळ लागेल, मधे कुणी हात लावू नका. अक्कांनी दोघांना रोज दुपारी घरचा डबा दिला. चौथ्या दिवशी काही फोटो निघाले, त्यांत सहा चट्टे होते. अक्कांनी मला फोन करून ते सहा जण कोण ते नावानिशी सांगितलं.

मग कंपनीचा सर्व्हेअर आला. क्लेम म्हटलं की तपासणीला तो येतोच. त्याच्यासोबत समीर सर आणि मी. वाटेत गाडीत सरांनी मला एक कागद दिला होता. त्यावर लिहिलं होतं की मी सर्व प्रश्न अर्जदाराला समजेल अशा भाषेत पूर्ण वाचून दाखवले. सर म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे, साइन कर. नाहीतर तुझ्यावर येईल." हातात नोकरी, घरी बहिणीचं कॉलेज. मी गाडीत, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

सर्व्हेअरनं अक्कांना विचारलं, फॉर्मवर बॅकअप आहे असं लिहिलंय, कुठं आहे? अक्कांनी माळ्याकडे हात केला. थोड्या अभिमानानं म्हणाल्या, "हे की. चार तास चालतं."

सर्व्हेअरनं मान वर करून बॅटऱ्यांकडे बघितलं आणि लिहून घेतलं. समीर सरांनी खोकून हसू दाबलं. सर्व्हेअरनं मग फॉर्मची प्रत अक्कांपुढं केली. अक्कांनी चष्मा बदलला आणि तो फॉर्म पहिल्यांदा वाचला. अकराव्या प्रश्नावर त्या थांबल्या. नंतर त्यामागे जोडलेला माझ्या सहीचा कागद वाचला, वरपासून खालपर्यंत.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "हे वाचून सही केलीस?"

मी हो म्हणालो.

"सरी."

सर्व्हेअरनं विचारलं, यानं तुम्हाला प्रश्न पूर्ण वाचून दाखवला होता का? मंजुळा दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात अक्कांनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"वाचला असेल," अक्का म्हणाल्या. "ड्रिल चालू होता. मी मान हलवली. मान हलवली की हो धरायचं, असंच आहे ना तुमच्यात?"

मी त्या वेळी बोलू शकलो असतो. खोली लहान होती, ओरडायचीही गरज नव्हती.

आठवड्यात पत्र आलं. अर्जात दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून नसल्यानं दावा मान्य करता येत नाही, याचा खेद आहे. तज्ज्ञ त्याच दिवशी थांबले. अक्का म्हणाल्या, मी स्वतः तुमचा खर्च करते, तर ते म्हणाले, कंपनीनं नेमलेल्या कामात आम्हाला तसं करता येत नाही. अर्धवट सोडलेलं काम दुसरं कुणी अंगावर घेईना. शेवटी एकानं घेतलं आणि निघण्यासारखं होतं तेही घालवलं. हाती राहिले ते सहा फोटो.

त्यानंतरच्या अक्का मला फार थोड्या दिसल्या, पण ज्या दिसल्या त्या विसरता येत नाहीत. त्यांनी आणि मंजुळानं आठवून आठवून चाळीसपैकी तीसेक नावं लिहून काढली आणि सकाळी माल उतरायच्या वेळी त्या दोघी बाजारात जाऊ लागल्या. एकदा मीही गेलो. अक्कांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. माझ्या हातात टॉर्च दिली. चहाच्या गाड्यापाशी, लसणाच्या पोत्यांवर बसवून त्या एकेका हमालाचं तोंड उघडायला लावत. हातात तोच आरसा. लोक भोवती जमून चेष्टा करत होते, अक्का, आता घोड्यासारखे दात बघून माणूस घेणार का. त्या हसल्या नाहीत. प्रत्येकाचा नवा फोटो काढला. पण ते सहा जण सोडले तर शेजारी लावायला कुणाचाच जुना नव्हता. बाकी प्रत्येकाच्या तोंडातला चट्टा त्या दिवशी पहिल्यांदाच दिसत असल्यासारखा. "हा केवढा होता रे, तुला आठवतं?" असं त्या हमालालाच विचारत होत्या. तो सवयीनं म्हणत होता, तेवढाच आहे अक्का.

तिप्पण्णा नावाचा एक हमाल त्या यादीत नव्हता. त्याचं नाव दोघींनाही आठवलं नव्हतं. गावी जाऊन सहा महिन्यांनी तो आपणहून जिना चढून आला, तेव्हा चट्ट्याच्या जागी गाठ होती. त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं त्याच्या मुलाला विचारलं, आधीच्या तपासणीचं काही आहे का. मुलगा अक्कांकडे फोटो मागायला आला. अक्कांनी खरं ते सांगितलं. तो जिन्यात उभा राहून ओरडला की काढलेच नसतील, फोटो म्हणून नुसता उजेड पाडत असाल, गरिबाच्या तोंडावर. खाली बारदानाचं दुकान, समोर बाजार. सगळ्यांनी ऐकलं. हे मला मंजुळानं फोनवर सांगितलं. तिनं एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. परत कधी केला नाही.

तिप्पण्णाचा जबडा अर्धा काढावा लागला. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. कुणाला विचारणार होतो?

दवाखाना बंद झाला. आमच्या ऑफिसात मात्र त्या प्रकरणाचा उपयोग झाला. नव्या पोरांच्या ट्रेनिंगमध्ये समीर सर ती गोष्ट सांगू लागले. "एक डॉक्टर होती. सर्व्हेअर विचारतो, व्हेअर इज द बॅकअप? आणि ती वर इन्व्हर्टर दाखवते." सगळे हसतात. हमखास हसतात. फॉर्मवर माझं नाव होतं हे सर कधी सांगत नाहीत, तेवढं सौजन्य त्यांच्यात आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो. ओठ न मिटता, अक्कांनी सरळ करून दिलेला दात दिसेल इतका.

मागच्या महिन्यात माझी दाढ दुखू लागली. ऑफिसनं ज्यांच्याशी जोडून दिलंय त्या साखळी दवाखान्यांपैकी एक मारतहळ्ळीला आहे. काचेची भिंत, थंडगार, दारावर डॉक्टरचं नाव कुठंही नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं टॅबलेट दिला. त्यावर संमतीपत्र होतं, चौदा मुद्दे, प्रत्येकापुढं खूण आधीच केलेली. खाली बोटानं सही करायची फक्त. मी सही करणार तेवढ्यात आतून कुणीतरी येऊन तो टॅबलेट माझ्या हातातून घेतला.

अक्का होत्या. निळा गाऊन, कंपनीची टोपी. खूप वाळल्या होत्या. मला बघून त्या थांबल्या नाहीत की दचकल्याही नाहीत. मला खुर्चीत बसवलं, टॅबलेटवरच्या चौदाही खुणा एकेक करून काढल्या आणि पहिल्या मुद्द्यापासून वाचायला सुरुवात केली. इंग्रजी ओळ वाचायची, मग मराठीत अर्थ सांगायचा, मग थांबायचं. मी मान हलवली.

"मान नको."

मी हो म्हणालो. त्यांनी खूण केली. असे चौदा. बाहेरून एक मॅनेजर दोनदा डोकावून गेला. चौदावा मुद्दा झाला. माझ्या हातात आरसा देऊन त्यांनी दिवा ओढला.

मी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मला बॅटऱ्या दिसल्या होत्या."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू वर बघितलंस ते मी बघितलं होतं."

मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "कुठली दाढ, बोटानं दाखव."

मी दाखवली. काम अर्ध्या तासात झालं. हात तोच, हलका. दुखलं नाही. शेवटी त्या 'सरी' म्हणाल्या नाहीत. "दोन तास काही खाऊ नका," असं म्हणाल्या.

बाहेर येऊन मी बूट घालत होतो. काचेतून आतलं दिसत होतं. खुर्चीत आता एक तरुण मुलगी होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, डोळे मोबाइलवर. अक्का तिच्याशेजारी बसून टॅबलेटवरून वाचत होत्या आणि ती न ऐकता मान हलवत होती. एवढ्यात वीज गेली. क्षणभर सगळीकडे अंधार, मग कुठंतरी घरघर झाली आणि दिवे परत आले. "बॅकअप आहे, काळजी नको," रिसेप्शनवरची मुलगी हिंदीत म्हणाली.

आत अक्का थांबल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. त्या मुलीच्या हातातला मोबाइल काढून तो ट्रेमध्ये ठेवला आणि जी ओळ मधे तुटली होती ती पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली.